गळक्या टाकीचा माग

पेट्रोलची गळती शोधायला अवघड, कारण ती मागे फारसं काही ठेवत नाही. इंजिन ऑइल ठिबकलं तर दुसऱ्या दिवशीही जमिनीवर काळा पुरावा असतो. पेट्रोल उडून जातं आणि राहतो तो नुसता वास, तोही कधी येतो, कधी येत नाही. माझ्या १९६७ सालच्या गाडीबद्दल घरातले सगळे वास येतो म्हणून कुरकुरत होते आणि मी खाली वाकून पाहिलं की जमीन कोरडी ठणठणीत.

जुन्या गाडीला पेट्रोलचा वास यायचाच, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यात अर्धं तथ्य आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारं जुन्या पद्धतीचं यंत्र असलेल्या गाडीत, गरम इंजिन बंद केलं की त्या यंत्राच्या छोट्या कप्प्यातलं (फ्लोट चेंबरमधलं) पेट्रोल तापून त्याची वाफ बाहेर पडते आणि बॉनेटच्या आसपास वास रेंगाळतो. पण तो वास पुढून येतो आणि गाडी फिरवून आणल्यावर येतो. रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीच्या मागच्या बाजूला सकाळी वास येत असेल, तर त्याचं खापर कार्ब्युरेटरवर फोडता येत नाही. माझ्या गाडीची टाकी डिकीच्या तळाखाली दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली आहे आणि वास तिथूनच येत होता.

तरीही टाकीच गळते असं लगेच ठरवायचं नव्हतं. वास देणाऱ्या पण टाकी न फुटलेल्या दोन-तीन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. पहिली म्हणजे काठोकाठ भरलेली टाकी. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारातला एक भाग. हिशोब केला तर ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापल्यावर पाऊण लिटरच्या आसपास वाढतं. जमिनीखालच्या टाकीतून थंड पेट्रोल गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली, की ते पाऊण लिटर हवेच्या नळीतून किंवा झाकणाच्या कडेने वाट काढतंच. ही गळती नव्हे, उतू जाणं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे झाकणाखालचं रबर, आणि तिसरी भरणतोंडापासून टाकीपर्यंत येणारी रबरी होज. या सगळ्यांचा वास टाकी पूर्ण भरलेली असताना येतो आणि पातळी उतरली की थांबतो. म्हणून मी मुद्दाम पेट्रोल भरलं नाही. काटा अर्ध्यावर आला, पावावर आला, तरी सकाळचा वास तसाच. म्हणजे भोक खाली होतं.

नेमकं कुठे, ते शोधायला मी खडू वापरला. टाकीचं बूड आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडं केलं. मग पांढऱ्या खडूची पूड स्पिरिटमध्ये पातळ कालवून ब्रशने सगळ्या बुडाला फासली. स्पिरिट उडून गेलं की पत्र्यावर पांढरा पातळ थर राहतो आणि त्यात ओल लपत नाही. वेल्डिंगच्या जोडातल्या बारीक भेगा शोधतानाही शेवटी असाच पांढरा थर देतात, तत्त्व तेच. सकाळी बॅटरीवर चालणारा बंदिस्त एलईडी टॉर्च घेऊन खाली शिरलो. पांढऱ्या थरात दोन ठिकाणी राखाडी ओले ठिपके होते. एक निचऱ्याच्या बुचाजवळ, नखाएवढा. दुसरा मागच्या पट्ट्याच्या कडेला, लांबट. लांबट डागाची वरची कडा पट्ट्याखाली शिरली होती, तेव्हा तो खरा कुठून येतोय हे टाकी उतरवल्याशिवाय कळणार नव्हतं. पेट्रोल फार पातळ असल्याने पत्र्याला धरून, जोडाच्या कडेने बरंच सरकतं आणि भलत्याच ठिकाणी ठिबकतं.

काम हाती घेईपर्यंत सवड हवी होती, म्हणून बुचाजवळच्या डागावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी दाबून घासली. हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा उपाय आहे आणि तो चालतो, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. बारीक छिद्रात तो घट्ट बसतो. पाण्याने मात्र धुऊन जातो. गाडी रस्त्यातून सुरक्षित जागी नेण्यापुरता त्याचा उपयोग, त्यावर महिनोन्‌महिने गाडी चालवणारेही मी पाहिलेत आणि त्यांच्या मागून गाडी चालवायची माझी इच्छा नाही. बाहेरून इपॉक्सी पुटी चोपडण्याचंही तसंच. पुटी ज्या पत्र्याला धरून बसणार तो पत्राच आतून खाल्लेला असतो.

पेट्रोल काढण्याचं काम मी उघड्यावर केलं, गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, उचलून. गाडीखाली काम करायला खड्डा असता तरी तिथे केलं नसतं. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली उतरते आणि खड्ड्यात पाण्यासारखी साचते. हवेत ती सुमारे १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असेल तर ठिणगीने पेटते. आणि पेटण्याइतकी वाफ द्यायला पेट्रोलला ऊन लागत नाही, उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा ते तेवढी वाफ देतं. म्हणून बॅटरीची वायर आधीच, डिकी उघडून हवा खेळती झाल्यावर, काढून ठेवली. तारेचा हँडलॅम्प नाही, टेबल फॅन नाही, ड्रिल नाही. तोंडाने ओढून सायफन तर नाहीच, हातपंप वापरला. खालचा डबा पत्र्याचा घेतला, तो जमिनीवर टेकवला आणि एका तारेने टाकीला जोडला. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज तयार होते, तारेमुळे ती दोन्हीकडे सारखी होते आणि ठिणगी पडत नाही. पावडरचा अग्निशामक हाताशी होता. पाण्याची बादली इथे कामाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पेटतच राहतं.

बहुतेक पेट्रोल स्वच्छ आलं. शेवटचं लिटरभर मी काचेच्या बरणीत घेतलं आणि ती बरणी माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली सर्वात बोलकी वस्तू. वर फिकट पिवळं, नितळ पेट्रोल. त्याखाली दोन बोटं उंचीचा गढूळ थर, आणि त्या थराच्या तळाशी तपकिरी, मेंदीसारखा गाळ. बरणी तिरकी केली की गढूळ थर जाडसर हलायचा आणि दोन्हींमधली रेघ तुटायची नाही. ते पाणी होतं. पेट्रोलचं एक लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतं, पाण्याचं एक किलो. पाणी तळाशी जाणारच.

पाणी शिरतं कुठून? टाकी श्वास घेते. जुन्या गाड्यांत तिची हवेची नळी सरळ बाहेर उघडते. दिवसा टाकी तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री थंड झाली की बाहेरची दमट हवा आत येते, आणि त्या हवेतलं बाष्प थंड पत्र्यावर दवासारखं धरतं. टाकी जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त. गाडी रोज चालत असेल तर थोडंफार पाणी इंजिनात जाऊन वाफ होऊन जातं. माझी गाडी वर्षातला बराच काळ अर्ध्या टाकीवर उभी असायची. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, पण त्यालाही मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी मुरवून घेतं. त्याहून जास्त झालं, किंवा थंडी पडली, की इथेनॉल आणि पाणी एकत्र वेगळे होतात आणि तळाशी बसतात. हा थर नुसत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण तो हळूहळू आंबट होत जातो आणि पत्रा जास्त खातो. म्हणजे बाहेर दिसलेली ती ओल ही दुखण्याची अगदी शेवटची पायरी होती. भोक कित्येक वर्षं आतून बाहेर येत होतं.

टाकी उतरवणं हे धीराचं काम, अकलेचं फारसं नाही. भरणतोंडाची होज दगडासारखी कडक झाली होती; ती ओढत बसण्यापेक्षा पात्याने लांबीत चिरून काढली, नाहीतर टाकीचंच तोंड वाकलं असतं. सेंडरची, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाची, वायर सोडवली. पट्ट्यांच्या लांब बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून मुरू दिलं, मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. टाकीखाली फळी आणि फळीखाली जॅक. पट्टे सुटले आणि टाकी खाली आली तेव्हा दुसऱ्या डागाचा उलगडा झाला. पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये आवाज होऊ नये म्हणून नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी घातलेली होती. चाकांनी उडवलेलं पाणी ती पट्टी पिऊन बसायची आणि आठवडाभर धरून ठेवायची. पट्टीखाली टाकीच्या रुंदीभर गंजाची सरळ रेघ होती, तिच्या दोन्ही बाजूंना रंग शाबूत. एका ठिकाणी गंज आतून आलेला, दुसरीकडे बाहेरून, आणि दोन्ही एकाच सुमारास पार झालेले.

डाख देण्यासाठी, म्हणजे कथील-शिशाचं सोल्डर वितळवून भोकं बुजवण्यासाठी, मी रेडिएटरचं काम आयुष्यभर केलेल्या एका वयस्कर मिस्त्रींना विचारलं. त्यांनी टाकी हातात घेतली नाही, आधी तोंडाशी नाक नेलं.

"मिस्त्री, पूर्ण रिकामी केलीय. उन्हात उघडी पण ठेवली होती."

"रिकामी आहे म्हणूनच भीती आहे. भरलेल्या टाकीत हवा कुठे असते? हिच्यात आता वाफ पण आहे आणि हवा पण आहे. धुऊन आणा, मग बघू."

"किती धुऊ?"

"नाकाला काही कळेनासं झालं की अजून एकदा."

हे त्यांनी गमतीने सांगितलं नव्हतं. गंजाच्या पोपड्यांत, जोडाच्या दुमडीत पेट्रोल मुरून बसतं. वास गेला असं वाटतं, आणि पत्रा तापवला की तिथूनच पुन्हा वाफ निघते. रिकाम्या टाकीवर ज्योत लावून जीव गमावलेल्या माणसांच्या गोष्टी या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असतात. मी कडकडीत पाणी आणि कपडे धुण्याची पूड घालून टाकी भरायचो, हलवायचो, तशीच ठेवायचो, ओतायचो, आणि पुन्हा. शेवटच्या धुण्यात पाणी काठोकाठ भरून वाहू दिलं, म्हणजे कोपऱ्यांत अडकलेली हवाही निघून जाते.

त्यानंतर गंज. टाकीत नट-बोल्ट टाकून खुळखुळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या टाकीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून उभे पडदे आहेत, आणि त्यांच्यामागे गेलेला नट परत येत नाही. मी बारीक कड्यांची साखळी घेतली आणि तिचं एक टोक तारेने बांधून भरणतोंडाबाहेर ठेवलं. साखळीने सुटे पोपडे निघाले. बाकीच्यासाठी सायट्रिक ॲसिड, दर १५ लिटर कोमट पाण्याला एक किलो. जोरदार आम्लं गंज झटकन खातात खरी, पण त्यांना गंज आणि पत्रा यांतला फरक कळत नाही. सायट्रिक ॲसिड सावकाश चालतं आणि वेळेवर काढलं तर चांगल्या पत्र्याला फारसं लागत नाही. आधी पाणी चहासारखं झालं, मग हिरवट काळं. ते गटारात सोडलं नाही. जुन्या टाक्यांचा पत्रा बहुधा आतून-बाहेरून शिसं आणि थोडं कथील यांच्या मुलाम्याचा असतो, गंजू नये आणि डाख सहज धरावा म्हणून. त्यातलं शिसं थोडंफार या पाण्यात उतरतं. ते डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे दिलं. टाकीत सोड्याचं पाणी फिरवून राहिलेलं आम्ल मारलं आणि पुन्हा धुतली.

साफ झालेली टाकी अंधारात नेऊन आत एलईडीची छोटी पट्टी सोडली, तेव्हा दोनाची सहा-सात भोकं झालेली दिसली. याने दचकायचं कारण नाही. ती भोकं आधीपासून होती, फक्त गंजाने बुजलेली होती. खरं महत्त्वाचं काम त्यानंतरचं. टोच्या घेऊन मी प्रत्येक भोकाभोवती पत्रा दाबत गेलो. चांगला पत्रा टोच्याला दाद देत नाही. झिजलेला किंचित खचतो, कधी आरपार जातो. बुचाजवळचं भोक सुईच्या टोकाएवढं होतं, पण त्याच्याभोवतीचा कच्चा पत्रा रुपयाएवढा निघाला. भोकावर नुसता डाखाचा थेंब सोडला असता तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या थेंबाच्या कडेने नवं भोक पडलं असतं. कच्चा पत्रा संपून चांगला सुरू होतो तिथे मी पेन्सिलने कड आखत गेलो, आणि ठिगळं त्या कडेच्या बाहेर बोटभर जातील अशी कापायची ठरवली.

वेल्डिंग का नाही, हे मी मिस्त्रींना विचारलं होतं. एवढ्या पातळ, झिजलेल्या पत्र्यावर वेल्डिंगने भोक मोठं होतं, शिशाच्या मुलाम्याचा धूर होतो, आणि आच इतकी की धुण्यात काही राहून गेलं असेल तर माफी नाही. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं यांचा डाख १८३ अंशांना वितळतो. टाकीवर दाब नसतो, ती तापत नाही. तिथे डाखाची ताकद पुरून उरते. आणि त्यांनी ज्योत टाकीजवळ आणलीच नाही. तांब्याचं जड डोकं असलेलं सोल्डरिंगचं हत्यार दूर, भिंतीपलीकडे तापवायचं आणि हातात घेऊन टाकीपर्यंत चालत यायचं. डोकं जड असल्याने एका तापवणीत बरंच काम होतं.

पुढची युक्ती मला फार आवडली. टाकीत त्यांनी पाणी भरायला लावलं, पण पूर्ण नाही. टाकी अशी तिरकी टेकवली की दुरुस्तीची जागा सगळ्यात वर आली, आणि पाणी तिच्याखाली बोटभर अंतरावर थांबलं. आत हवेला नावापुरतीच जागा उरली म्हणजे वाफेचा प्रश्न जवळपास मिटला. पण पाणी पत्र्याला टेकता कामा नये, कारण टेकलं की ते आच पिऊन टाकतं आणि डाख गोळ्या होऊन घरंगळतो. भरणतोंड उघडं, म्हणजे आतली हवा तापून फुगली तरी तिला वाट आहे. प्रत्येक ठिगळासाठी टाकी नव्याने तिरकी करायची, पाणी कमी-जास्त करायचं. डाख देणं दोन मिनिटांचं, मांडामांड अर्ध्या तासाची.

पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासला. गंजाच्या खड्ड्यांत एकही काळा ठिपका राहिला तर तिथे डाख धरत नाही, म्हणून खड्ड्यांत टोच्याने कोरलं. त्यावर जस्त मारलेलं ॲसिड, म्हणजे जस्ताचे तुकडे विरघळवलेलं मिठाचं आम्ल, ब्रशने लावलं; त्याने डाख धरतो. तांब्याचं डोकं नवसागराच्या वडीवर घासलं, पांढरा धूर निघाला आणि तांबं आरशासारखं उजळलं. मग डाखाची कांडी टेकवताच ती त्या डोक्यावर पसरली. पहिल्यांदा टाकीच्या पत्र्यालाच कल्हई केल्यासारखा पातळ थर दिला, ठिगळाच्या पितळी पत्र्यालाही खालून तसाच. ठिगळ जागेवर ठेवून वरून तापलेलं डोकं हळूहळू फिरवलं. एका क्षणी ठिगळाच्या चारही कडांनी डाखाची चकाकती रेघ बाहेर आली. मिस्त्रींनी लाकडी काडीने ठिगळ दाबून धरलं आणि चकाकी मंद होईपर्यंत हलू दिलं नाही. थंड होताना हललेला डाख दाणेदार होतो आणि दाणेदार डाख गळतो. सगळं झाल्यावर ॲसिडचा अंश गरम पाण्याने घासून काढला, तो राहिला तर ठिगळाच्या कडेने पुन्हा गंज धरतो.

टाकी घट्ट झाली की नाही हे बघायला कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो. तो आवरायलाच हवा. टाकीचा वरचा पत्रा ८० बाय ५० सेंटीमीटर धरला तर ४००० चौरस सेंटीमीटर होतात. कॉम्प्रेसरचा दर चौरस सेंटीमीटरला ६ किलोचा दाब चुकून पूर्ण लागला तर त्या पत्र्यावर २४ टन जोर येतो; टाकी त्याआधीच फुगून फाटते. मी पारदर्शक नळी यू आकारात फळीवर ठोकली, तिच्यात रंगीत पाणी घातलं आणि सायकलच्या पंपाने दोन बाजूंच्या पाण्यात ६० सेंटीमीटरचा फरक येईपर्यंत हवा भरली. एवढ्याशा दाबानेही वरच्या पत्र्यावर २४० किलोचा जोर असतो. भरताना पत्रा 'टक्' करून किंचित वर आला. मग साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक ठिगळावर, सगळ्या जोडावर, तोंडाच्या कडेला. मागच्या पट्ट्याच्या ठिगळाच्या कोपऱ्यात बारीक फेसाचा एक दाणा वाढत गेला. तिथे हवा सोडून, घासून, पुन्हा डाख दिला.

दुसऱ्या वेळी बुडबुडा कुठेच नव्हता, तरी नळीतला फरक उतरत होता. ६० चा ५७, मग ५६. सगळीकडे पुन्हा साबण, काही नाही. तेवढ्यात ढग सरकला, टाकीवर ऊन आलं आणि फरक वाढायला लागला, ६० च्याही वर गेला. बंद हवा एका अंशाने गार झाली की तिचा दाब साडेतीन सेंटीमीटर पाण्याइतका उतरतो. माझी टाकी थर्मामीटरचं काम करत होती. ती सावलीत, घरात नेली, तापमान स्थिरावू दिलं. रात्रभर पाणी जागचं हललं नाही.

आतून टाकीला सीलरचा लेप देण्याचा सल्ला अनेकांनी दिला. मी दिला नाही. लेप चांगला बसला तर वर्षानुवर्षं टिकतो हे मान्य. पण तो बसण्यासाठी आतला पत्रा पूर्ण कोरडा आणि तेलमुक्त हवा, आणि पडद्यांमागचा कोपरा तसा झालाय हे कोण बघणार? सुटला की पापुद्र्यांनी सुटतो, ते पापुद्रे पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जातात, आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते, दहा मिनिटं उभी केली की पापुद्रा खाली बसतो आणि ती सुरू होते. वर पुन्हा डाख द्यायची वेळ आली तर तो लेप आधी खरवडून काढावा लागतो. सगळं बूड चाळणी झालंय आणि दुसरी टाकी मिळण्याची आशाच नाही, अशा वेळी लेप द्यावा. दोन-चार ठिगळांच्या टाकीला तो नको, असं माझं मत.

लेप नाही म्हणजे आतला उघडा पत्रा लगेच वाळवायला हवा. ओला लोखंडी पत्रा तासाभरात नारिंगी दिसायला लागतो. पाणी ओतून टाकल्यावर गरम हवा सोडून वाळवला. टू-स्ट्रोक इंजिनाचं थोडं तेल आत घालून टाकी चहूबाजूंनी फिरवली. ते तेल पुढे पेट्रोलमध्ये मिसळून जळून जातं. बाहेरून गंजरोधक प्रायमर आणि दोन हात काळा रंग. नमद्याच्या जागी रबराची पट्टी, जी पाणी धरून ठेवत नाही.

टाकी बाहेर होती तोवर सेंडरही पाहून घेतला. त्याचा पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला. आतली हवा तापून फुगते आणि बारीक भेग असेल तर तिथून बुडबुडे येतात. एकही आला नाही. कॉर्कचं गॅस्केट मात्र सुकून आक्रसलं होतं, बोटात चुरलं. नवं घेताना, आणि होज घेतानाही, इथेनॉल चालणारं रबर आहे ना हे बघून घेतलं. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलने फुगतं किंवा कडक होऊन तडकतं. हवेच्या नळीत कुठल्याशा किड्याने मातीचं घर केलं होतं. ती तुंबलेली राहिली असती तर पंप पेट्रोल ओढताना टाकीत पोकळी झाली असती आणि मी कार्ब्युरेटर खोलत बसलो असतो.

टाकी बसवताना पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर घातला. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्यात तपकिरी कण दिसले, म्हणून बदलला. आताचा स्वच्छ आहे. बुडाला पुन्हा खडूचा थर दिला होता, तो धुळीने मळला पण ओला झाला नाही. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवतो, गळ्यापर्यंत मात्र नाही. एक गोष्ट राहिली आहे. फ्लोट आधीपेक्षा किंचित खाली बसतोय, त्यामुळे टाकीत पाच-सहा लिटर असतानाच काटा शून्यावर टेकतो. सेंडरचा हात जरासा वाकवला की झालं, आणि तो डिकीतून सहा स्क्रू काढून वर घेता येतो. पण आता ते गॅस्केट इतकं घट्ट बसलंय की एवढ्यासाठी त्याला हात लावावासा वाटत नाही.